होळीला परतणाऱ्या मजुरांची आरोग्यसेवा : पहिल्या पंधरा दिवसांत काय व्हायला हवं?

पळसफूल
दिवाळी झाली की सातपुड्यातले पाडे रिकामे होतात. धडगाव-अक्कलकुव्याची माणसं ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे जातात, मेळघाटातली वीटभट्टीवर आणि बांधकामावर. भोंगऱ्याच्या हाटाला (होळीआधीचा आदिवासींचा मोठा बाजार), होळीला बरीचशी परत येतात. काही टोळ्या थेट पावसाच्या तोंडावर परततात.

माणूस परत येतो, पण त्याची नोंद परत येत नाही. बाळाची लस तिकडे झाली की नाही, बाईला कितवा महिना, टीबीच्या गोळ्या कुठे तुटल्या, हे इथल्या उपकेंद्रात कुणाला माहीत नसतं. रजिस्टरमध्ये नावापुढे ‘स्थलांतरित’ असं लिहिलेलं असतं आणि तो शेरा माणूस घरी आल्यावरही तसाच राहतो. माझं ठाम मत आहे की परतल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस हाच खरा काळ. पुढे लग्नं, शेतीची तयारी आणि पुन्हा कामाचा शोध.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपापल्या विषयाचं नेमकं सांगावं : काय तपासायचं, कोणते कागद मागायचे, कुठे अडतं?

रानजाई
लसीकरणापासून सुरुवात करते.

कार्ड हरवलं म्हणून सगळे डोस पहिल्यापासून देऊ नयेत. मध्ये कितीही खंड पडला तरी पुढचा डोस द्यायचा, मालिका नव्याने सुरू करायची नाही. पेंटाव्हॅलंटच्या (पाच रोगांवरची एकत्र लस) दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे हवेत. पहिला पेंटा वर्षाच्या आत मिळाला असेल तर उरलेले वर्षानंतरही देता येतात. वर्ष उलटेपर्यंत एकही झाला नसेल तर डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) द्यायची, ती सात वर्षांपर्यंत चालते. पोलिओचे तोंडी डोस आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. बीसीजी (टीबीची लस) आणि रोटाव्हायरसचा (जुलाबाची लस) पहिला डोस मात्र वर्षाच्या आतच.

कार्ड नाही, आईलाही सांगता येत नाही, तर डावा दंड बघा. बीसीजीचा वण असेल तर निदान ती लस झाली हे कळतं. बाकीच्या झाल्या नाहीत असं धरून चालायचं. एखादा डोस दोनदा गेल्याने सहसा बिघडत नाही, राहून गेल्याने बिघडतं. आणि त्याच भेटीत व्हिटॅमिन ए : नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत. स्थलांतरित मुलांमध्ये हे हमखास सुटतं, कारण एका हंगामात एक डोस जातोच.

साग
रानजाई, उत्तम. यू-विनवर (सरकारी लसीकरण पोर्टल) नोंद झालेली असेल तर कार्डाशिवायही दिसते, आईचा मोबाइल क्रमांक टाकून बघा.

रानजाई
बघतोच. पण नोंद मुकादमाच्या किंवा दिराच्या नंबरावर असते. म्हणून ‘तुझा नंबर काय’ असं विचारू नये. ‘सुई टोचली तेव्हा कोणाचा नंबर दिला होता’ असं विचारलं की सापडण्याची शक्यता वाढते.

नर्मदाकाठ
क्षयरोगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत महागात पडणारी गफलत इथे होते.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. रोज, वजनानुसार. आता हंगामही जवळपास तेवढाच असतो. म्हणजे दिवाळीच्या आसपास निदान झालेल्या माणसाचा अख्खा उपचार गावाबाहेर होतो, नाहीतर मध्येच तुटतो.

तो परतला की आधी निक्षय क्रमांक (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) विचारा. त्याच्याकडे नसेल तर निक्षय संपर्क हेल्पलाइन १८००-११-६६६६ वर चौकशी करा. तिकडच्या केंद्राने पोर्टलवर रुग्ण ‘ट्रान्सफर आउट’ करायचा असतो आणि इथल्या केंद्राने स्वीकारायचा. हे व्हायला वेळ लागला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, पाकीट त्याच दिवशी हातात द्यायचं. सगळ्यात वाईट चूक म्हणजे घाईत नवीन नाव, नवीन क्रमांक टाकून नवी नोंद करणं. एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात, पोषण आहाराचे पैसे अडकतात आणि आधीचा उपचार कागदावर ‘सोडून दिलेला’ दिसत राहतो.

निक्षय पोषण योजनेची रक्कम १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे, आधी ५०० होती. सहा महिन्यांच्या उपचाराला ३,००० चे दोन हप्ते : पहिला निदानानंतर, दुसरा ८४ दिवसांनी. हप्ता आला नाही तर खातं बंद पडलंय का आणि आधारशी जोडलेलं आहे का, या दोन गोष्टी आधी बघा.

गोळ्या तुटल्या असतील तर किती दिवस, हे शब्दावर न जाता उरलेली पाकिटं मोजून ठरवा. महिन्याच्या आत असेल तर उपचार पुढे चालू ठेवून सुटलेले डोस भरून काढायचे. महिना किंवा त्याहून जास्त खंड असेल तर थुंकी पुन्हा सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर (जंतू आणि औषधाला प्रतिकार दोन्ही दाखवणाऱ्या यंत्रचाचण्या) पाठवायची. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला प्रतिकार तयार झालाय का, हे न बघता जुन्याच गोळ्या पुन्हा सुरू करणं धोक्याचं.

खडूफळा
एक भर. लघवी केशरी होते म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. रिफाम्पिसिनमुळे तसं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे पहिल्या दिवशीच सांगावं. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना. लघवीचा केशरी रंग आणि डोळ्यांचा पिवळेपणा यांतला फरक नीट समजावून सांगा.

डोंगरवाट
नर्मदाकाठ यांचं सगळं मान्य, पण अर्धाच प्रश्न आला. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी टीबीच्या गोळ्यांचा दुसरा-तिसरा कोर्स चालू, आणि माणूस खंगतोय, धाप वाढतेय, असं दिसलं की कामाची चौकशी करा. दगड फोडणं, खाण, क्वार्ट्झची पूड. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ, धार भागातून गुजरातच्या गोध्रा-बालासिनोरमधल्या क्वार्ट्झ कारखान्यांत गेलेल्या मजुरांना सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होणं) झाला, ते प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हा आजार बरा होत नाही. टीबीच्या गोळ्यांनी तर मुळीच नाही. वर त्या फुप्फुसाला टीबी होण्याचा धोका जास्त, त्यामुळे दोन्ही एकत्र असू शकतात.

छातीचा एक्स-रे आणि कामाचा इतिहास, दोन्ही एकाच कागदावर हवेत. कुठल्या गावाजवळचा कारखाना, कोणत्या वर्षापासून किती हंगाम, पूड भरायचं काम की फोडायचं, सोबत कोण कोण होतं. कारखाना हजेरीचा कागद देत नाही. म्हणून मुकादमाचा नंबर, कामाच्या जागेवरचे फोटो आणि सोबतच्यांची नावं माणूस धडधाकट असतानाच लिहून घ्या. भरपाईचा दावा अडतो तो याच पुराव्यावर.

अबोली
हे वाचून प्रश्न पडला : इतकं सगळं करायला आशाताईंना वेळ कुठला? मैदानात हजार लोकसंख्येमागे एक आशा. डोंगरात लोकसंख्या कमी असली तरी पाडे विखुरलेले, एका पाड्याहून दुसऱ्यावर जायला खोल उतरून पुन्हा चढायचं.

साग
म्हणून मी हाटातल्या शिबिराच्या बाजूचा आहे. होळीआधीच्या भोंगऱ्या हाटाला यच्चयावत माणूस येतो. तिथे एक टेबल, वजनकाटा, दंडाची फीत (मुलांचं कुपोषण मापायची), हिमोग्लोबिन, मलेरियाची जलद चाचणी. एका दिवसात महिन्याच्या गृहभेटींचं काम होतं.

रानजाई
साग, इथे माझा विरोध आहे. हाटाला ‘यच्चयावत माणूस’ येत नाही. नुकतीच बाळंत झालेली बाई येत नाही, सुजलेलं मूल येत नाही, धाप लागणारा येत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी टेबल मांडायचं तेच मागे राहतात. दुसरं, टीबीच्या संशयिताने भर बाजारात डबी घेऊन उभं राहायचं? गावातले बघत असताना कोणी थुंकी देणार नाही. आणि हाटात फक्त जागच्या जागी दिलेला नमुना मिळतो, पहाटेचा मिळत नाही.

साग
थुंकीचं पटलं. मग असं करू : हाटात फक्त यादी करायची. कोण कुटुंब आलं, घरी कोण राहिलं, कोण आजारी. डबी झाकणासकट घरी द्यायची, पहाटेचा नमुना आशा गोळा करेल. वजन, दंड, ताप एवढं हाटात.

रानजाई
यादीसाठी हाट, हे चालेल. दंडाची फीत मात्र घरीच जाऊन, सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल तर माप काहीही असो, तीव्रच. भूक लागत नाही, ताप आहे किंवा सूज आहे, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रावर थांबायचं नाही, थेट रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र.

आणि अंगणवाडीताईंना विनंती : पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीचं नोंदणी अॅप) लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवण्याची सोय आहे, ती वापरा. नुसतं नाव काढून टाकू नका. काढलेल्या नावाचा आहारही बंद होतो.

मोहवन
सिकलसेल (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. भिल्ल, पावरा, गावित समाजांत हा आजार बराच आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे. पण शिबिर लागतं तेव्हा माणूस उसाच्या फडात. परतल्यावर तपासायचे ते आधी हेच राहिलेले लोक.

शिबिरातली झटपट सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ‘सिकलसेल झालाय’ असं सांगून मोकळं व्हायचं नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या) झाल्यावरच निदान. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी भरवशाची नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीचा निकालही फसवतो, म्हणून तो प्रश्न आधी विचारा.

ऊसतोड आणि भट्टी ही कामं या रुग्णांना विशेष घातक का, तेही समजून घ्या. पहाटेची थंडी, दिवसभराचं ऊन, पाणी कमी, अंगमेहनत जास्त. वेदनेचा झटका याच कारणांनी येतो. परत आलेल्या माणसाने ‘हातपाय मोडून येतात, हाडं ठणकतात’ म्हटलं की कष्टाचं दुखणं समजून वेदनाशामक देऊन पाठवू नका. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं औषध) चालू असेल तर रक्तपेशींची तपासणी ठरल्या वेळी हवी, आणि हंगामात ती नेमकी राहिलेली असते.

अबोली
मलेरियाचंही सांगाल का? परतलेल्यांमध्ये ताप दिसतोच.

मोहवन
ताप म्हटला की त्याच दिवशी चाचणी. मलेरियाचा फाल्सिपेरम प्रकार निघाला तर तीन दिवसांचा आर्टेमिसिनिनवाला कोर्स आणि प्रायमाक्विनचा एक डोस. व्हायव्हॅक्स प्रकार निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. हे चौदा दिवसच लोक पुरे करत नाहीत, तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि गोळ्या पत्र्याच्या डब्यात जातात. यकृतात लपलेला जंतू तसाच राहतो, पुढे पुन्हा ताप. गरोदर बाई आणि वर्षाखालच्या बाळाला प्रायमाक्विन नाही. गोळी चालू असताना लघवी काळपट झाली तर लगेच थांबवायची. जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांमध्ये या गोळीने रक्तपेशी फुटतात.

घाटमाथा
जरा विषयांतर करतो, पण परतणारे फक्त हंगामी मजूर नाहीत. जावळी, पाटण, पोलादपूर, महाड या डोंगराळ भागात मुंबईत नोकरी संपवून गावी कायमचे परतलेले चाकरमानी आहेत. साठीच्या पुढचे. रक्तदाब, मधुमेह, गुडघे. मुंबईत विमा रुग्णालयात जात होते, निवृत्तीनंतर ‘आता कार्ड संपलं’ म्हणून सोडून देतात.

संपत नाही. किमान पाच वर्षं विमित नोकरी करून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा) वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. शाखा कार्यालयात अर्ज करावा लागतो. मोठ्या तपासण्यांसाठी ते कार्ड जपावं आणि रोजच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रातून घ्याव्यात.

पळसफूल
घाटमाथा, विषयांतर मुळीच नाही, अवश्य लिहा.

घाटमाथा
मग इन्सुलिनबद्दल थोडं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही. उघडलेली साधारण चार आठवडे घरातल्या सावलीत चालते, पण तापमान ३० च्या वर जाऊ नये. घाटात पावसाळ्यात दिवसेंदिवस वीज नसते. तेव्हा फ्रिजपेक्षा दोन मातीची मडकी भरवशाची : एकात एक, मधल्या फटीत ओली वाळू, आतल्या मडक्यात कोरड्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हे छान काम करतं. भर पावसात हवाच दमट असल्याने गारवा कमी मिळतो, पण तेव्हा बाहेरही गारच असतं. पारदर्शक इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा मुळात दुधाळ असलेल्यात हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर टाकून द्या.

आणि मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेल्या ब्रँडच्या गोळ्या इथे मिळत नाहीत म्हणून उपचार बंद करणारे भेटतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

ताम्रपर्ण
गरोदरपणाकडे वळू या. तारीखच माहीत नसणं ही खरी अडचण. ‘होळीला पाळी चुकली’, ‘मोहफुलं वेचताना’ अशा खुणांवरून अंदाज काढावा लागतो. तो लिहून ठेवा आणि सोनोग्राफी शक्य तितकी लवकर करा. चोवीस आठवड्यांनंतर सोनोग्राफीवरून काढलेली तारीख बरीच चुकू शकते. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांची मोफत तपासणी असते. वाहनाची सोय त्या दिवसाशी जुळवून घ्यावी.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळ्या देऊन घरी पाठवू नये, दाखल करायचं. ७ ते ९.९ च्या टप्प्यात, दिवस भरत आले असतील तर, शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. गोळ्यांनी रक्त वाढायला महिने लागतात आणि परत आलेल्या बाईकडे तेवढे महिने नसतात.

बाळंतपण पावसात असेल आणि पाडा ओढ्यापलीकडे असेल तर कळा सुरू होण्याची वाट बघायची नाही. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांत माहेरघर असतं, काही दिवस आधी येऊन राहता येतं. बाई येत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा धाकटं मूल आणि घरची शेळी असते. मुलासकट आणि सोबतच्या बाईसकट राहता येतं, हे आधी सांगा. शेळीचं मात्र शेजारणीशी बोलूनच ठरवावं लागतं.

नर्मदाकाठ
१०२ आणि १०८ या रुग्णवाहिकांबद्दलही ठरवून ठेवायला हवं. गाडी पाड्यापर्यंत येत नाही, डांबरी संपते तिथपर्यंत येते. तिथून वर झोळी. म्हणून प्रत्येक गरोदर बाईच्या घरी तीन गोष्टी आधीच पक्क्या हव्यात : फोनला रेंज कोणत्या टेकाडावर मिळते, गाडी कुठल्या वळणावर थांबणार, आणि झोळीला कोण चौघे. चौघे परगावी गेले असतील तर दुसरे चौघे.

खडूफळा
कागदांचं कुणी तरी एकत्र सांगा. महात्मा फुले योजनेत (मोफत उपचाराची सरकारी योजना) रुग्णालयात गेल्यावर ‘कार्डावर नाव नाही’ म्हणून परत यावं लागतं.

डोंगरवाट
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण रेशनकार्डावर माणसाचं नाव हवं. नवी सून आणि लहान मुलं, हीच दोन नावं राहिलेली असतात. सुनेसाठी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, तो परगावी जाण्याआधी किंवा परतल्यावर लगेच काढा. आजारपणात काढायला गेलात तर उशीर होतो. योजनेतल्या (अंगीकृत) रुग्णालयात आधी तिथल्या योजनेच्या मदतनिसाला, आरोग्यमित्राला भेटायचं, पैसे भरून मग नाही. आधी भरलेले पैसे परत मिळवणं फार कष्टाचं.

मुलाच्या जन्मदाखल्याचा घोळ वेगळा. जन्म जिथे झाला तिथेच नोंदतात, गावी नाही. फडात जन्मलेल्या बाळाची नोंद बारडोलीकडेच. २१ दिवसांत मोफत, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणून तिकडून निघण्याआधीच दाखला घ्या.

साग
आभा (डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढलं की हा कागदांचा त्रास संपेल ना? चौदा आकडी क्रमांक, सगळं फोनवर.

डोंगरवाट
आभा जरूर काढा. पण घरात फोन एक, तो पुरुषाकडे, रेंज नाही आणि तिकडे गेल्यावर सिम बदललेलं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि त्याच कागदाचे फोटो दोन वेगळ्या माणसांच्या फोनमध्ये. आज तरी हेच टिकतं.

कातळशिल्पी
एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांबद्दल दोन ओळी. औषध एका दिवसासाठीही तोडू नये. परगावी असताना जवळच्या एआरटी केंद्रातून (एचआयव्ही उपचार केंद्र) तात्पुरतं औषध मिळू शकतं, केंद्राने दिलेलं उपचार-नोंदीचं हिरवं पुस्तक सोबत हवं. प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांचा साठा मागा. हेल्पलाइन १०९७. आणि ही चौकशी दारात, सासूसमोर, यादी वाचत करायची नाही.

पळसफूल
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येते. आशाताईंच्या वहीत चिकटवता येईल असा अर्धा पान मजकूर करतेय, चुकलं तर सांगा :

कुटुंब कधी आलं, कुठून आलं, काय काम होतं (दगडाचं असेल तर वेगळी खूण). तिकडे कोणाचा जन्म वा मृत्यू झाला का. पाच वर्षांखालची मुलं : कार्ड, दंडाचं माप, सूज. पाळी चुकलेली वा गरोदर बाई, बाळंतीण. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं, हाडं ठणकणं. कुठली गोळी चालू होती, किती उरली.

ताम्रपर्ण
बाळंतिणीपुढे बाळाच्या जन्माची तारीख लिहायला सांगा. आशाच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. बाळ विसाव्या दिवशी गावात आलं तर भेटी एकविसाव्यापासून सुरू करायच्या, ‘आपल्याकडे जन्मलं नाही’ म्हणून सोडायच्या नाहीत.

नर्मदाकाठ
आणखी एक रकाना, सगळ्यात महत्त्वाचा : परत कधी जाणार, कुठे जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर. टीबी, रक्तदाब, सिकलसेलवाल्यांचा साठा त्या तारखेच्या आठवडाभर आधी तयार ठेवता येतो. निघायच्या आदल्या रात्री ट्रक दारात उभा असताना कोणी गोळ्या आणायला घाट उतरणार नाही.

पळसफूल
घेतला. एक शंका : गुजरातमधलं कार्ड गुजराती लिपीत असतं, ते वाचता न आल्याने बाजूला ठेवलं जातं असं ऐकते.

रानजाई
ते ममता कार्ड, गुजरातचं माता-बाल कार्ड. बाजूला ठेवू नका. लसींची नावं बहुतेक इंग्रजी आद्याक्षरांत असतात आणि गुजराती आकडे देवनागरीशी मिळतेजुळते, तारखा लागतात. शंका असेल तर पानाचा फोटो सीमेलगतच्या गावातल्या कुणालाही पाठवा, गुजरातमधल्या सागबारा-डेडियापाड्याकडे नातेवाईक असलेलं कोणी ना कोणी भेटतंच. तारखा आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर उतरवा, ‘ममता कार्डावरून’ असं शेजारी लिहा, आणि मूळ कार्ड आईलाच परत द्या. पुढच्या हंगामात ती तिकडे गेली की तिथल्या नर्सला तेच लागेल.